पोपटाने सांगितलेली कादंबरी

पैठणास गेलेला यात्रेकरू नाथांच्या समाधीचे दर्शन घेतो, गोदावरीत पाय बुडवितो, वेळ उरल्यास पैठणीचा माग पाहतो आणि परतीची वाट धरतो. परंतु ज्या काळी या नगरीस प्रतिष्ठान असे नाव होते आणि सातवाहनांची गादी येथे होती, त्या काळी येथील दरबारातून एक विद्वान पुरुष पैज हरून, बोलावयाच्या तीनही भाषा टाकून, अरण्यात निघून गेला व तेथे त्याने आपला प्रचंड कथाग्रंथ जनावरांना वाचून दाखविला, ही हकीकत त्याच्या कानी सहसा कोणी घालीत नाही. गुणाढ्याची ही आख्यायिका आपणांस मुख्यतः सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तून कळते, आणि तो ग्रंथ अकराव्या शतकात, तोही दूर काश्मीरात, सूर्यवती राणीच्या मनोरंजनासाठी रचलेला असल्यामुळे इतिहासाचा पुरावा म्हणून तिला फारसे मोल देता यावयाचे नाही. पण कथेविषयी आपल्या पूर्वजांची काय भावना होती याचा पुरावा म्हणून मी तिला एखाद्या ताम्रपटाहून कमी लेखणार नाही.

हकीकत अशी की, जलक्रीडेत पाण्याच्या माऱ्याने दमलेली राणी राजास संस्कृतात म्हणाली, की मला पाण्याने मारू नका. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी राजाच्या ध्यानी न आल्यामुळे त्याने तात्काळ मोदक मागविले, राणी हसली, आणि राजा लाजेने अंथरुणास खिळला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवितो; शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. असे घडल्यास संस्कृत, प्राकृत आणि देशी या तीनही भाषांचा त्याग करीन, असे गुणाढ्य बोलून गेला आणि हरला. मग विंध्याच्या रानात पिशाचांची भाषा शिकून, शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात वर्षांत सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' त्याने लिहिली. शिष्यांनी ती हुजुरास नेऊन दाखविली. भाषा पिशाचांची, शाई रक्ताची, असा शेरा मारून राजाने ती परत केली. तेव्हा गुणाढ्याने एका टेकडीवर अग्नी पेटविला आणि एकेक पान मोठ्याने वाचून तो त्यात टाकू लागला. हरिणे, रानडुकरे, रेडे चरणे सोडून भोवती वर्तुळ करून उभे राहिले आणि डोळ्यांतून पाणी गाळीत ऐकत राहिले. इकडे राजवाड्यातील मुदपाकखान्यात येणारे मांस नीरस होऊ लागले, राजा आजारी पडला, वैद्यांनी मांसाकडे बोट दाखविले, आचाऱ्यांनी पारध्यांवर ठपका ठेविला, आणि पारध्यांनी खरे कारण सांगितले, की रानातील जनावरे काही खातच नाहीत, एक ब्राह्मण त्यांना गोष्ट सांगत बसला आहे. राजा धावत गेला, तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लक्ष काय तो नरवाहनदत्ताच्या कथेचा.

सरकारी चौकशीच्या या साखळीत विनोद आहे खरा. पण दरबाराने ज्या ग्रंथाची किंमत केली नाही, त्याची ती जनावरांनी केली, आणि ती आपल्या अंगावरचे मांस झिजवून केली, असे सांगणाऱ्या समाजाच्या मनात पशू आणि कथा यांचे नाते किती जवळचे असले पाहिजे! ऐकणाऱ्या पशूंची ही पंगत पुढील पाच-सहा शतकांत उठून सांगणाऱ्याच्या आसनावर कशी जाऊन बसली, हे पाहावयाचे तर बाणभट्टाकडे वळावे लागते.

बाण हा हर्षवर्धनाच्या पदरी होता, आणि हर्षाची कारकीर्द इ. स. ६०६ ते ६४७ अशी धरली जाते. शोण नदीकाठच्या प्रीतिकूट ग्रामी त्याचे घर. 'कादंबरी'च्या आरंभीच्या श्लोकांत आपल्या कुळाची थोरवी सांगताना त्याने एका पूर्वजाच्या घरचे जे चित्र काढिले आहे ते मला नेहमीच फार गोड वाटत आले आहे. त्या घरी वेदपठण करणारे बटू पदोपदी दचकत असत, कारण पिंजऱ्यांतील पोपट आणि साळुंक्या सगळे वाङ्मय ऐकून ऐकून पारंगत झालेल्या असून त्या मुलांच्या चुका धरीत! आपल्याकडे न समजता घोकणाऱ्यास पोपटपंची करणारा म्हणण्याची चाल पडली आहे. बाणाच्या घरी परीक्षकाची जागाच पोपटाकडे होती. असल्या घरात वाढलेल्या कवीने आपली सर्वांत मोठी कथा पोपटाच्या तोंडी घातली तर नवल ते काय?

विदिशेच्या शूद्रक राजापुढे एक चांडाळकन्या सोन्याच्या पिंजऱ्यातून वैशंपायन नावाचा पोपट आणिते, पोपट उजवा पाय उचलून राजाच्या स्तुतिपर आर्या म्हणतो, आणि राजाने पूर्ववृत्त विचारल्यावर कथा सुरू होते. या कथेचे धागेदोरे बृहत्कथेच्या परंपरेतच असल्याचे अभ्यासक मानितात. कथासरित्सागरातील सुमनस राजाच्या गोष्टीतही निषादकन्या पोपट घेऊन दरबारात येतेच. पण बाणाने त्या सांगाड्यावर जे काही चढविले आहे ते सर्वस्वी त्याचे. अगस्त्याश्रमाच्या परिसराचे वर्णन करिताना गोदावरी व पंचवटी यांचे स्मरण करून तो आपणांस पंपा सरोवराच्या काठच्या एका पुराण सावरीच्या झाडाशी आणितो. त्या झाडाच्या ढोलीत, पंख झडलेल्या म्हाताऱ्या बापाने इतरांच्या घरट्यांतून गळलेले दाणे वेचून भरविलेले हे पिल्लू. शबरांची शिकार येते, एक म्हातारा शबर झाडावर चढून पक्ष्यांच्या माना मुरगाळून त्यांना खाली टाकितो, बाप पिल्लाला पंखाखाली धरून मरतो, आणि वाळलेल्या पानांच्या ढिगावर पडून वाचलेले, तहानेने व्याकूळ झालेले ते पोर पाण्याकडे खुरडत निघते. हारीत नावाचा ऋषिकुमार त्यास उचलून आश्रमात नेतो. एवढा भाग एका पक्ष्याने प्रथमपुरुषी सांगितलेले बालपण आहे, आणि त्याच्या तोडीचे कारुण्य संस्कृत गद्यात मला तरी दुसरे आढळले नाही.

पुढे कथा जाबाली ऋषी सांगतो, त्याच्या कथेत महाश्वेता आपली कथा सांगते, आणि डब्यात डबी, डबीत कुंकवाचा करंडा निघावा त्याप्रमाणे एकातून एक कथा निघत जाऊन, अर्धाअधिक ग्रंथ संपत आला तरी जिच्या नावाने तो ओळखला जातो त्या नायिकेचा पत्ता नसतो! उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड किन्नरांच्या जोडीचा पाठलाग करीत, इंद्रायुध घोड्यावरून, सैन्य मागे टाकून अच्छोद सरोवरापाशी येतो. तेथे शुभ्रवस्त्रा महाश्वेता वीणा वाजवीत असते. तिचा पुंडरीक तिच्या विरहाने मेलेला असून, तो पुन्हा भेटेल या आकाशवाणीच्या आधारावर ती जगते आहे. आणि तिची सखी कादंबरी हिने, सखीचे दुःख फिटेपर्यंत विवाह करावयाचा नाही, असा हट्ट धरिला आहे. या हट्टावरच सगळ्या कथेची मंद गती अवलंबून आहे. पहिल्या भेटीत काय घडते? महाश्वेता म्हणते, पाहुण्यास विडा दे. कादंबरी लाजून म्हणते, तूच दे. पुष्कळ आग्रहानंतर ती थरथरत्या हाताने विडा पुढे करते, आणि हातातील कंकण गळून पडल्याचेही तिला भान राहत नाही. एवढेच. अलीकडच्या कथेत ज्या अवकाशात ओळख, प्रेम, भांडण आणि लग्न उरकून जाते, त्या अवकाशात येथे एक विडा दिला जातो.

आणि या भेटीच्या ऐन मध्यावर बाणाने एक गंमत घातली आहे. कादंबरीच्या महालात कालिंदी नावाची साळुंकी आणि परिहास नावाचा पोपट यांचे कडाक्याचे भांडण चालू असते. स्वतः कादंबरीने त्या दोघांचे लग्न लावून दिलेले. पण पहाटे परिहास विडे सांभाळणाऱ्या तमालिकेच्या कानाशी काही गुणगुणताना कालिंदीने पाहिला, तेव्हापासून तिने त्याच्याशी बोलणे, त्यास शिवणे, त्याच्याकडे पाहणेही टाकले आहे. चंद्रापीड या भांडणात मोठ्या गांभीर्याने मध्यस्थी करितो, कालिंदीची बाजू घेतो, तमालिकेला शिक्षा न करणाऱ्या धनिणीस दोष देतो. सख्या हसतात, आणि जे दोन जीव एकमेकांशी सरळ एक शब्द बोलू शकत नाहीत, त्यांच्यामधील संकोच त्या दोन पाखरांच्या आडून विरघळून जातो. पशुपक्ष्यांचे कथेत काय काम, असा प्रश्न मला कोणी केला, तर मी त्यास हे पृष्ठ उघडून देईन. माणसांना जे बोलता येत नाही ते बोलण्याची सोय पाखरे करून देतात. प्रीतीस जो वेळ लागावयास हवा तो वेळ ती मिळवून देतात.

वेबर नावाच्या जर्मन पंडिताने बाणाच्या गद्याची तुलना वाट न सापडणाऱ्या हिंदी अरण्याशी केली होती, आणि आपल्याकडील पुष्कळांनी तो अभिप्राय मुकाट्याने शिरोधार्य मानिला. बाणाची वाक्ये लांब आहेत, समास तर त्याहून लांब आहेत, हे कोण नाकारील? परंतु अरण्यात हरिणे असतात, पाणी असते, सावली असते. ज्यास बाजारात लवकर पोहोचावयाचे आहे त्याने अरण्यातून जाऊ नये, हे खरे.

त्या अरण्याची वाट खुद्द बाणालाही पुरी करिता आली नाही. पित्याचे पत्र आल्यामुळे चंद्रापीड उज्जयिनीस परततो, मागे राहिलेली त्याची सेविका पत्रलेखा काही दिवसांनी येऊन कादंबरीचे बोलणे त्यास सांगू लागते, आणि त्या बोलण्याच्या मध्येच बाणाचा हात थांबतो. त्याच्या मुलाने उत्तरभाग लिहून शेवट केला: पोपट म्हणजे पुंडरीक, शूद्रक म्हणजे चंद्रापीड, दोन-दोन जन्मांचा विरह संपतो आणि सर्वांची गाठ पडते. मुलगा नम्र होता आणि कर्तबगारही. परंतु बापाची संथ चाल त्याच्या पायांत नव्हती.

आता आपल्या भाषेकडे येऊ. हिंदी आणि बंगाली यांनी 'उपन्यास' म्हटले, गुजरातीने 'नवलकथा' म्हटले. मराठी आणि कन्नड या दोन भाषांनी मात्र या एका ग्रंथाचे, म्हणजे वस्तुतः एका मुलीचे, विशेषनाम घेऊन ते समग्र वाङ्मयप्रकारास बहाल केले. संस्कृत कोशांत या शब्दाचे अर्थ पाहावे तर कदंबाच्या फुलांचे मद्य, कोकिळेची मादी आणि साळुंकी असे सापडतात. कादंब म्हणजे तर एक जातीचा हंसच. तेव्हा आपण 'कादंबरी वाचतो' असे म्हणतो त्या वेळी आपल्या नकळत थोडे मद्य आणि पुष्कळसे पक्षी आपल्या हातात असतात.

हे नाव घेण्यापूर्वीही मराठी माणसाच्या कथासंसारात पाखरांचा राबता होताच. 'शुकसप्तती'तील सत्तर गोष्टी मराठीत येताना बहात्तर झाल्या आणि 'शुकबहात्तरी' म्हणून दप्तरांच्या रुमालांत बांधून राहिल्या. रिखार्ड श्मिट या जर्मन पंडिताने १८९७ साली लायप्झिगास त्या जुन्या मराठी भाषांतराची आवृत्ती छापिली. नवरा परगावी गेलेली स्त्री रोज रात्री घराबाहेर पडावयास निघते आणि पोपट रोज एक गोष्ट सांगून तिला उंबऱ्यावर थांबवितो, ही तिची मांडणी. गोष्टी काही ठिकाणी बऱ्याच चावट, पण पोपटाची युक्ती निव्वळ विलंबाची. रघुनाथ पंडिताच्या 'नलदमयंती स्वयंवरा'तील हंस तर शाळेच्या बाकावर बसलेल्या प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. राजाच्या मुठीत सापडलेला, घरच्या माणसांची आठवण काढून गयावया करणारा, आणि सुटताच दोन अनोळखी हृदयांमध्ये निरोप्याचे काम करणारा. पुढे रविवर्म्याने दमयंतीसमोर तो हंस उभा केला, आणि १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्याच्या छापखान्यामुळे तो घरोघरच्या भिंतीवर जाऊन बसला.

छापील मराठीच्या पहिल्या पावलांतही हीच मंडळी दिसते. बंगालातील श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यात वैजनाथ शर्म्याची 'सिंहासनबत्तीशी' १८१४ साली छापिली गेली, तिच्या पाठोपाठ पंचतंत्र व हितोपदेश आले, आणि १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापनीती मराठीत आणिली. आणि येथेच, माझ्या मते, काहीतरी बिघडले. छत्र्यांचा यात दोष नाही. त्यांची भाषा निर्मळ आहे, आणि शाळाखात्याला त्या वेळी हवे होते तेच त्यांनी दिले. पण शाळाखात्याच्या हाती लागलेले जनावर बोधापुरते उरले. कोल्ह्याने लबाडी शिकवावी, मुंगीने उद्योग शिकवावा, आणि तात्पर्य सांगून झाल्यावर मुकाट्याने पुस्तकाबाहेर जावे. प्रौढांच्या गोष्टीत त्यांचे स्थान नाही, असा एक अलिखित दंडक होऊन बसला.

प्रौढांची गोष्ट १८५७ साली बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ने सुरू झाली. ती विधवांच्या दुःखाची, आणि वास्तव. परंतु त्यानंतर चारच वर्षांनी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली, आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा एक पूरच लोटला. ताटातूट, अरण्यवास, दुष्टांची कारस्थाने आणि शेवटी मीलन, असा त्यांचा ठरीव मसाला. त्यांची थट्टा करणे पुढील टीकाकारांस फार सोपे गेले. मात्र रिसबुडांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत दिलेली कैफियत या टीकाकारांनी जितक्या सहज उडवून लाविली तितकी ती उडवून लावण्यासारखी नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आपल्या लोकांतील विवाहाच्या चाली व इतर कारणे यांमुळे आपल्या नित्याच्या आयुष्यात मनोवेधक असे काही घडतच नाही; रोजचे लिहावे तर त्यात गोडी नाही, तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्यास अद्भुताचा आश्रय करण्यावाचून गती नाही.

ही तक्रार सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज आहे. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी, वडीलधाऱ्यांनी ठरविलेले. वधूवरांनी एकमेकांस पाहण्यापूर्वीच सर्व उरकलेले. संमतिवयाची मर्यादा दहाची बारा करणारा कायदा व्हावयास १८९१ साल उजाडावे लागले, आणि तेवढ्यासाठी पुण्यात केवढे रण माजले! अशा घरात विडा देताना हात थरथरण्यास जागा कोठली? हळूहळू उमलणाऱ्या प्रीतीस प्रथम अंतर लागते, मग वाट पाहणे लागते, आणि नकाराचा हक्क तर सर्वांआधी लागतो. या गोष्टी वाड्याच्या माजघरात नव्हत्या, म्हणून हळबे-रिसबुडांनी त्या अरण्यात आणि राजमहालात नेऊन ठेविल्या. रात्री समईच्या उजेडात चोरून 'मंजुघोषा' वाचणाऱ्या एखाद्या लेकुरवाळीला त्या पुस्तकात जे मिळाले, ते तिला संसाराने कधीच देऊ केले नव्हते. तिला पलायनवादी म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही.

हरिभाऊ आपट्यांनी पुढे वास्तवाची कास धरिली, आणि 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' वाचलेला कोणीही मराठी माणूस त्याबद्दल त्यांचा ऋणीच राहील. परंतु त्यांच्या मागून आलेल्या टीकेने वास्तव म्हणजे प्रौढ आणि अद्भुत म्हणजे पोरकट, असे जे समीकरण बसविले, त्याने नुकसान झाले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०२ साली 'कादंबरी' या विषयावर दीर्घ निबंध लिहून अद्भुताची बाजू हिरिरीने मांडिली. त्यांच्या इतर मतांवर जेवढे वाद झाले तेवढे या मताच्या वाट्यास आले नाहीत, कारण ते कोणी फारसे मनावरच घेतले नाही.

याच अद्भुताची एक नवी तऱ्हा मध्यंतरी माझ्या हाती आली: घरातील एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मला ट्रॅव्हिस बाल्ड्री या अमेरिकन लेखकाचे 'लेजंड्स अँड लॅटेज' हे २०२२ साली मोठ्या प्रकाशकाकडून निघालेले पुस्तक वाचावयास दिले. लढाया करून कंटाळलेली एक धिप्पाड राक्षसकन्या तलवार भिंतीवर टांगून कॉफीचे दुकान काढते. उंदराच्या जातीचा एक मितभाषी कारागीर तिच्या भट्टीवर पाव भाजतो, एक अगडबंब मांजर मनास येईल तेव्हा येऊन अंग टाकते, आणि दुकानात कामास आलेल्या सहकारिणीशी तिचे जे मन जुळते ते इतके सावकाश, की अर्धे पुस्तक ओट्यावरील फडके फिरविण्यातच जाते. या जातीच्या कादंबऱ्यांना तिकडे 'कोझी' म्हणतात, उबदार म्हणावे. महासाथीच्या वर्षांत घरांत कोंडलेल्या वाचकांना त्या फार आवडू लागल्या असे ती मुलगी म्हणाली, आणि ते मला पटले. इंग्रजांनीही आपल्या बोलत्या जनावरांना एकदा शिशुवर्गात पाठविलेच होते. १९०२ साली बिअट्रिक्स पॉटरचा ससा आला, १९०८ साली केनेथ ग्रॅहमचे उंदीर आणि चिचुंद्री नदीकाठी नाव वल्हवू लागले, आणि ही पुस्तके मोठ्यांनी मुलांच्या निमित्ताने वाचली. आता ते निमित्तही त्यांनी सोडून दिले आहे.

पुस्तक परत करिताना मी त्या मुलीस विचारले, की यात तुला काय आवडले? ती म्हणाली, कोणालाच घाई नाही. मी तिला कालिंदी-परिहासांचे भांडण सांगितले. ती खूप हसली, आणि हे संस्कृतात आहे यावर तिचा विश्वास बसेना; संस्कृत तिने दहावीपर्यंत गुणांसाठी घेतले होते.

पीटर्सनने मुंबईत बाणाची 'कादंबरी' संपादून १८८३ साली प्रसिद्ध केली, म. म. काणे यांनी टीपांसह तिची आवृत्ती काढिली, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'संस्कृत कविपंचका'त बाणावर स्वतंत्र निबंध लिहिला. जुन्या ग्रंथालयांत ही पुस्तके अजून मिळतात, बहुधा वरच्या फळीवर. ज्यास संस्कृत येत नाही त्याने भाषांतर घ्यावे, ज्यास समासांची भीती वाटते त्याने उज्जयिनीचे वर्णन खुशाल ओलांडून जावे, पण चंद्रापीड कादंबरीच्या महालात शिरतो तेथे थांबून पाखरांच्या भांडणाची ती तीन-चार पाने तेवढी वाचावीत, आणि शक्य तर कोणास तरी मोठ्याने वाचून दाखवावीत.